काटे न काढलेले गुलाब

ही गोष्ट मी पापनिवेदनात फादरांना सांगितली आहे, चारचौघांत कधी नाही. सांगायला लाज वाटते, म्हणूनच लिहितो. सन ऐंशी उलटून दोनेक वर्षं झाली होती. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत मी स्वतःच्या हिमतीवर लेथ टाकला होता. कोणाला पहिल्या भावात सोडायचं नाही, हा माझा खाक्या, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. मनात एक सल होता. आईच्या आजारपणात इस्पितळाच्या खेपा मी घातल्या. पण वाटणीत अंगण गेलं थोरल्या भावाकडे. भाऊ मस्कतला नोकरीला, त्यामुळे अंगण आणि आईची गुलाबाची झाडं वहिनीच्या ताब्यात. भिंतीपलीकडे राहूनही पाच वर्षं मी तिच्याशी बोललो नव्हतो. रोज देवापुढे गुडघे टेकायचो, आणि तो माझं ऐकत का नाही, म्हणून मनात त्याच्याशीही भांडायचो.

ऑक्टोबर हा आमचा जपमाळेचा महिना. पवित्र मरियेची मूर्ती गावठाणात रोज एका घरी जाते. तिथे जपमाळ होते, आणि दुसऱ्या संध्याकाळी त्या घरच्याने ती शेजारी पोचवायची. माझ्यानंतर वहिनीचं घर. यादी करणाऱ्या मोनिकामावशीला जाऊन म्हटलं, "माझं घर शेवटी घाल ना."

"घासाघीस करायला ही मासळी आहे का रे?" मावशी म्हणाली. "मुकाट्याने मूर्ती उचल."

माझ्या दिवशी वहिनीच्या अंगणाला लाजवतील इतके गुलाब आणायचे, असं ठरवून अंधेरी स्टेशनबाहेर गेलो. फुलवालीशी इतकी हुज्जत घातली की ती वैतागून म्हणाली, "घेऊन जा बाबा, पण काटे मी काढणार नाही." मी जिंकल्यासारखा घरी आलो आणि काट्यांसकट देठ तारेने बांधून मूर्तीभोवती कमान केली. आमची आई असं कधीच करत नसे. ती सांगायची, एदेन बागेत गुलाबाला काटे नव्हते; माणसाने पाप केलं तेव्हा ते आले. मरियेला पापाचा स्पर्श नाही, म्हणून तिला बिनकाट्याचा गुलाब म्हणतात. तिच्यापुढे ठेवायचा प्रत्येक देठ आई स्वतः साफ करायची. मला हे ठाऊक होतं. घाईत होतो, एवढीच माझी सबब.

लोक यायच्या आधी वहिनी दारात आली. हातात टोपली, वर फडकं. मला वाटलं, उणं काढायला आली. बायकोसमोरच ओरडलो, "माझी सजावट तपासायला आलीस? तुझी पाळी उद्या आहे!"

तिने कमानीकडे पाहिलं, खाली बसली आणि एकेक देठ सोडवून काटे काढू लागली. "पोरं मूर्तीला हात लावतात, भावोजी," एवढंच म्हणाली. बोटातून रक्त आलं, ते तिने पदराला पुसलं. माझ्या बायकोने टोपलीवरचं फडकं उचललं. आत आईच्या झाडांचे गुलाब होते, लाल आणि पांढरे, देठ स्वच्छ केलेले. मी बाहेर जाऊन भिंतीवरून पाहिलं. झाडांवर एक फूल शिल्लक नव्हतं. उद्या मूर्ती तिच्याच घरी जायची होती.

त्या संध्याकाळी मरियेची नावं घेत जाणाऱ्या स्तवनात 'गूढ गुलाब' हे तिचं नाव आलं, तेव्हा सगळे म्हणाले, "आम्हांसाठी विनंती कर." मी त्या साफ केलेल्या देठांकडे पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी मूर्ती घेऊन तिच्या घरी गेलो. मूर्तीभोवतीचे कालचे गुलाब कडेने काळवंडले होते. बाजारातून ताजे आणता आले असते. पण पुन्हा मोठेपणा मिरवायचा धीर झाला नाही. जपमाळेनंतर चपलांपाशी उभा राहून म्हणालो, "वहिनी, माझं चुकलं."

"आधी चणे घे," ती म्हणाली. "नाहीतर पोरं संपवतील."

जपमाळेनंतर वाटतात ते उकडलेले चणे तिने माझ्या ओंजळीत घातले. मी मान वर न करता ते खाल्ले.

कृपा कशी येते, हे मला नीट सांगता येणार नाही. पाच वर्षं मी हक्काचं मागत होतो. आणि ज्या दिवशी माझा कसलाच हक्क उरला नव्हता, त्या दिवशी मला मिळालं. शरण जाणं म्हणजे दिलेलं निमूट घेणं, एवढंच मला कळलं. अजूनही ऑक्टोबर आला की आधी माझं ते ओरडणं कानांत घुमतं. मग मी मरियेचे आभार मानतो, की तिने वहिनीला माझ्या दारातून परत जाऊ दिलं नाही.