बोंबील, पांढरा कोट आणि पहिले तीन सेकंद

माझ्या एकट्याच्या कर्तृत्वानं गेल्या मे महिन्यात बोईसरच्या बाजारात सुके बोंबील खपायचे बंद झाले होते. एवढं मोठं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. तारापूरच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलं, पण माझ्यावाचून तिथं एक दिवसही काही अडलं नाही, असं निरोप समारंभात साहेबांनीच सांगितलं. (ते कौतुक होतं असं मी बरेच दिवस समजत होतो.)

घरी आल्यावर कळलं, इथंही माझ्यावाचून काही अडत नाही. घर चालतं ते सुनंदावर, म्हणजे माझ्या बायकोवर. आमचं गाव समुद्राला लागून. पावसाळा संपला की ती किनाऱ्यावरच्या वलांडीवर, म्हणजे बांबू आणि दोऱ्यांच्या उंच मांडवावर, बोंबील वाळत घालते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकून द्यायची. (आमच्यात लग्नंही साधारण याच पद्धतीनं लागतात.) मे महिन्यात बोईसर-पालघरच्या बायका पावसाळ्याची बेगमी करायला तिच्याकडे येतात. बावीस वर्षांची गिऱ्हाइकं. वाळूचा एक कण लागला तरी परत आणा असं ती सांगते, आणि अजून कुणी आणलेले नाहीत. पाऊस सुरू व्हायच्या आत माल गेला नाही तर दमट हवेनं त्याला बुरशी धरते, त्यामुळे अख्ख्या हंगामाची मेहनत त्या तीन-चार आठवड्यांवर असते. हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही मी मदत करायचं ठरवलं.

मदत म्हणजे रील. हल्ली कुणाला काही येत नसलं की तो रील करतो, आणि मला तर कितीतरी गोष्टी येत नव्हत्या, म्हणजे माझी पात्रता पक्की होती. पहिल्या रीलमध्ये मी किनाऱ्यावर उभा राहून सुप्रभात म्हणालो. एकेचाळीस जणांनी पाहिलं. दुसऱ्यात सूर्य मावळताना शुभरात्री म्हणालो. तेव्हा चौदा जणच उरले. बाकीचे बहुधा सकाळपासून झोपले होते.

मग मी अभ्यासाला बसलो. दोनशे पानी वही आणली, लाल पेनानं समास आखला आणि यशस्वी लोक काय करतात ते टिपून काढायला लागलो. वाणगावकडचे एक गृहस्थ ढोबळी मिरचीवर टिचकी मारतात आणि कान लावून ऐकतात. बस, एवढंच. लाखभर लोक त्यांच्याबरोबर ऐकतात. एक बाई पातेल्यावरचं झाकण उचलते, आत बघून दचकते आणि व्हिडिओ संपतो. पातेल्यात काय होतं ते मला अजून समजलेलं नाही, पण मी तिचे सगळे व्हिडिओ पाहिले आहेत. आणि या सर्वांचे गुरू म्हणावेत असे एक पांढऱ्या कोटातले सद्गृहस्थ. ते रोज सकाळी कॅमेऱ्याकडे बोट रोखून काहीतरी खाऊ नका म्हणून सांगतात. दही खाऊ नका. केळं खाऊ नका. लोक भराभर त्यांच्या मागे जातात, कारण न खाण्यासाठी बाजारात जावं लागत नाही.

वहीत मी तीन नियम काढले. पहिले तीन सेकंद माणसाला हादरा द्यायचा, नाहीतर तो अंगठ्यानं तुम्हाला वर ढकलून देतो. चांगली गोष्ट लगेच सांगायची नाही, शेवटपर्यंत दाबून ठेवायची. आणि आपण त्या विषयातले कुणीतरी आहोत असं दिसायला हवं. या तिसऱ्या नियमाखाली मी दोन रेघा ओढल्या, कारण कारखान्यातला माझा पांढरा कोट कपाटात इस्त्री करून तसाच ठेवलेला होता.

आईनं मला कोट घालताना पाहिलं आणि परत नोकरीवर घेतलं का, असं आशेनं विचारलं. आईला ऐंशी पूर्ण झाली आहेत, पण आशा सुटलेली नाही.

वलांडीपुढे मोबाईल लावला. मागे सुनंदा बोंबील काढत होती. तिला फक्त हसून बघ म्हटलं, तर तिनं मला दोन हात रिकामे आहेत तर टोपली धरा म्हणून सांगितलं. कलावंताला घरात किंमत नसते हे मी वाचून होतो, म्हणून मी मनावर घेतलं नाही. मी चष्मा चढवला, एक बोंबील शेपटीला धरून लांब केला, तोंड कडू केलं आणि कॅमेऱ्याकडे बोट रोखून म्हणालो, “हे सुके बोंबील चुकूनही खाऊ नका.” मग तीन सेकंद गप्प, भुवया वर. (या भुवयांचा मी आरशासमोर दोन दिवस सराव केला होता.) आणि त्यानंतर खरं वाक्य: “कारण एकदा खाल्लेत, तर दुसऱ्या कुणाचे तोंडात धरवणार नाहीत. बोईसरच्या बाजारात सुनंदाताईंकडे या.” आता यात काय वाईट होतं, तुम्हीच सांगा.

संध्याकाळपर्यंत आकडा हजारांत गेला. दुसऱ्या दिवशी तो एवढा वाढला की मी जेवताना मोबाईल ताटाशेजारी उभा करून ठेवला. सुनंदाला म्हणालो, तू नुसती बघत राहा, रांग लागेल. तिनं मान डोलावली. तिचाही विश्वास बसला होता, ही गोष्ट मला नंतर सगळ्यात जास्त लागली.

झालं होतं असं, की लोकांनी माझा व्हिडिओ पाहिला होता, पण माझ्या अभ्यासाप्रमाणेच पाहिला होता. म्हणजे पहिले तीन सेकंद. मग कुणा समाजसेवकानं तेवढाच तुकडा कापला आणि ‘काळजी घ्या’ असं लिहून घरोघरच्या ग्रुपांवर सोडून दिला. बोईसर ओलांडेपर्यंत मी अन्न तपासणारा अधिकारी झालो होतो. पालघरला पोचेपर्यंत डॉक्टर झालो, आणि बोंबलांवर कसलीशी पावडर मारतात हे मी स्वतः प्रयोगशाळेत शोधून काढलं, असंही ठरलं. पूर्ण व्हिडिओतलं, ज्यात मी सुनंदाचं नाव घेतलं होतं, ते वाक्य कुणापर्यंत गेलंच नाही. तिचा चेहरा मात्र पहिल्या तीन सेकंदांत माझ्या खांद्यामागे स्पष्ट दिसत होता. कुणाचे बोंबील खायचे नाहीत, याबद्दल कुणाच्याही मनात शंका उरली नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तोही पांढऱ्या कोटातला.

त्या आठवड्यात सुनंदा बाजारात गेली आणि भरलेली टोपली तशीच डोक्यावर घेऊन परत आली. दुसऱ्या दिवशीही तेच. शेजारी बसणाऱ्या बायकांचाही माल पडून राहिला होता. त्या आपली जागा थोडी लांब सरकवून बसल्या. पालघरच्या मास्तरीणबाई, लग्न झाल्यापासून तिच्याकडून बोंबील नेणाऱ्या, समोरून आल्या आणि भाजीवाल्याकडे वळल्या. हे तिनं मला सांगितलं नाही, आईला सांगितलं. मी पडवीत मोबाईल घेऊन बसलो होतो आणि आकडा अजून वाढत होता. तो पाहून पहिल्यांदाच मला माझी लाज वाटली.

आई पडवीत आली. “आपल्याच बोंबलाला नावं ठेवाया पांढरा कोट लागतो का रं? मी नेसत्या लुगड्यावर ठेवली असती.”

मी खुलाशाचं रील केलं. साधा शर्ट घातला, हात जोडले आणि शांतपणे सांगितलं की बोंबील उत्तम आहेत, चूक माझी आहे. एकोणीस जणांनी पाहिलं. त्यात अकरा वेळा मीच होतो, किती जणांनी पाहिलं ते बघायला जाणारा. एक प्रतिक्रिया आली. तिच्यात लिहिलं होतं, आधी डॉक्टरांचं ऐका. खऱ्या माणसाला पहिल्या तीन सेकंदांत कुणी विचारत नाही, हे मी वहीत लाल पेनानं लिहिलं आणि वही मिटली.

आभाळ रोज थोडं काळं होत होतं. घरात गोणपाटाखाली बोंबलांची थप्पी, आणि सुनंदा दर तासाला हात घालून दमट झाले का ते चाचपायची. चौथ्या दिवशी सकाळी तिनं माझ्यापुढे कोट टाकला. इस्त्री केलेला. म्हणाली, “हाच घाला. आणि चला माझ्यासंगती बाजारात.”

मला वाटलं, भाषण करायचं असेल. वाटेत रिक्षात मी चार वाक्यं जुळवलीही. बाजारात तिनं आपल्या जागेवर टोपली ठेवली, शेजारी लहानशी शेगडी पेटवली, मला पाटावर बसवलं आणि एक बोंबील निखाऱ्यावर भाजून माझ्या हातात दिला.

“तुमी बोललात ना, खाऊ नका? आता खा. सगळ्यांसमोर.”

मी खाल्ला. तिनं दुसरा दिला. तोही खाल्ला. दोन बायका थांबल्या. त्यांच्यातली एक हळूच म्हणाली, तेच डॉक्टर दिसतात. सुनंदा तिच्याकडे न बघता शेगडी फुंकत म्हणाली, “डाक्टर नाय, नवरा हाय माझा.” त्यावर मासळीवाल्यांची अख्खी रांग हसली. शेजारच्या बायकाही हसल्या आणि पुन्हा जवळ सरकून बसल्या. मी तिसरा खाल्ला.

दुपारपर्यंत बातमी बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, की पावडरवाले डॉक्टर स्वतःच बोंबील खात बसले आहेत. माणसं बघायला येऊ लागली. ज्या प्रेक्षकांसाठी मी वही भरली ते सगळे समोर उभे होते, आणि तीन सेकंदांत कुणी हलत नव्हतं. काहींनी तर टोपली मीच उघडायची, बोंबील मीच उचलायचा आणि तळातला उचलायचा, अशा अटी घातल्या. कारखान्यातून सुटलेला एक तरुण मोबाईल काढून म्हणाला, “अंकल, एक और खाओ, ठीक से नहीं आया.” कलेसाठी मी अजून एक खाल्ला.

मास्तरीणबाई माझ्या खाण्याच्या तिसऱ्या दिवशी आल्या. त्यांनी छत्री मिटली, चष्मा पुसला आणि माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. वर्गात पाठांतर घेतात तशा मला त्या एकेक भाग खायला लावत होत्या. मधला खाऊन झाला. आता शेपटीकडचा. डोकं का टाकलंत, ते खात नाही का तुम्ही? मी डोकंही खाल्लं. मग पाणी मागितलं, तर म्हणाल्या, पाणी नाही, आधी दहा मिनिटं थांबा. दहा मिनिटं त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मला काही झालं नाही याची खात्री पटली तेव्हा त्यांनी सुनंदापुढे पिशवी उघडली आणि दर वर्षीएवढे घेतले. सुनंदानं चार जास्त टाकले. तिचे डोळे धुरानं पाणावले होते, असं तिचं म्हणणं आहे.

पाचव्या दिवशी घरातली थप्पी संपली आणि टोपली रिकामी झाली. सहाव्या दिवशी पाऊस आला. त्यानंतर साधारण आठवडाभर मी घरात फारसा बोललो नाही, कारण पोट मध्येच बोलायचं. त्या तरुणाचा व्हिडिओ माझ्या सगळ्या रीलपेक्षा जास्त चालला असं ऐकतो. त्यात ना हादरा होता, ना भुवया. एक माणूस कोट घालून मुकाट्यानं खातो आहे आणि त्याची बायको त्याला वाढते आहे, इतकंच. माझं नाव कुठंही नाही. मी वहीत हा चौथा नियम लिहायला घेतला होता, पण वही आईनं शेगडी पेटवायला नेली होती.

या वर्षी मे महिना लागायच्या आधीच मास्तरीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. सुनंदा आनंदानं भाव सांगायला लागली, तर त्यांनी तिला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, बोंबलांचं नंतर बघू, आधी सांग, गेल्या वर्षी एवढे खाल्ले ते डॉक्टर जिवंत आहेत ना?

सुनंदानं मोबाईल माझ्याकडे वळवला. मी काहीच केलं नाही, नुसता श्वास घेत उभा राहिलो. तीन सेकंद. पलीकडून बाईंनी दुप्पट बोंबील सांगितले.