फळ्या नसलेला चर

पहिल्या महायुद्धातल्या व्हर्दूनच्या लढाईला शंभर वर्षं झाली, त्या वर्षी मी ओमानमध्ये दुक्मला होतो. बंदराजवळच्या एका पाइपलाइनच्या कामावर ज्युनिअर सर्व्हेअर. कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचो, वाटायचो, त्यापायी पोलीस चौकीतही बसून आलो होतो. इथे पत्रक काढलं तर चौकी नाही, थेट परतीचं विमान, हे मला आल्या आल्या सांगितलं गेलं. म्हणून गप्प होतो. गप्प होतो म्हणजे पटत होतं असं नाही.

आमचा चर समुद्राच्या बाजूला, वाळूत. माणसावर माणूस उभा केला तरी वरच्याचं डोकं काठाला लागणार नाही इतका खोल. तळाला खारं पाणी झिरपायचं आणि भिंती खालून पोखरायचं. अशा चराला दोन्ही बाजूंनी फळ्या लावून मधे आडवे टेकू ठोकायचे असतात. नकाशात ते होतं. चरात नव्हतं. "आएगा, इन्शाल्ला," फोरमन म्हणायचा. सगळे त्याला अर्बाब म्हणायचे, म्हणजे मालक.

एके दिवशी भिंत ढासळली आणि आमचा रत्नागिरीचा पाइप फिटर मांडीपर्यंत गाडला गेला. फावड्याने उकरून काढला त्याला. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला लीडर.

"भाई, उद्या उतरू नकोस."

"मी नाय तर दुसरा उतरंल. तू पत्रक काढ ना, लीडर. वर माजा फोटो टाक, हार घालून."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उतरला. आम्हा स्टाफला मात्र पोर्टाकॅबिनमध्ये बोलावलं होतं. कन्सल्टंटचा फ्रेंच इंजिनीअर आणि पंपवाल्यांचा जर्मन इंजिनीअर, दोघांच्याही घरातली माणसं त्या लढाईत गेलेली. त्या आठवड्याची सेफ्टी मीटिंग दोघांनी मिळून व्हर्दूनच्या आठवणीत घ्यायची ठरवली होती. पडद्यावर फोटो, आधी दोन मिनिटं शांतता.

त्या शांततेत मला बाहेरच्या पोकलेनचा आवाज ऐकू येत होता. साइटवर काही वाईट झालं की आधी मशीन थांबतं. आवाज जरा खाली गेला की मी खिडकीकडे बघायचो. परत चढला की पडद्याकडे.

फ्रेंच साहेब सांगत होता: दहा महिने लढले, लाखो माणसं गेली, आणि सरहद्द जवळपास तिथेच राहिली. सगळेच काही गोळ्यांनी मेले नाहीत. तोफगोळा जवळ पडायचा, खंदकाची भिंत कोसळायची, माणसं जिवंत गाडली जायची. त्याच्या आजोबांचा भाऊ असाच गेला, सापडलाच नाही. त्याचा आवाज कापला. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

मी घातली नाही. पडद्यावर खंदकाचा फोटो होता आणि भिंतींना फळ्या होत्या.

"सर, हे लाकूड कशाला?" मी उठून विचारलं.

जर्मन खूश झाला. ओल्या मातीत त्याच्याशिवाय भिंत उभी राहत नाही, म्हणाला.

"तोफा चालू असतानासुद्धा लावायचे?"

"लावायचे. मोडलं की परत लावायचे."

"मग आपल्या चरात का नाही? इथे तर कोणी तोफा डागत नाही. आत्ता खाली माणसं आहेत."

शेजारून फोरमनने माझी बाही ओढली. "बैठ जा. खलास हो जाएगा तू."

मी बसलो नाही. फ्रेंच साहेब लालबुंद झाला आणि हेल्मेट न घालताच बाहेर पडला. त्याला माहीत नव्हतं म्हणे. चरात उतरायच्या रोजच्या परवान्यावर सही कोणाची होती मग? शंभर वर्षांपूर्वीच्या मेलेल्यांसाठी गळा दाटून येतो, आणि खिडकीबाहेरचा जिवंत माणूस दिसत नाही?

त्याने सगळ्यांना वर काढलं, फळ्या येईपर्यंत काम बंद म्हणाला आणि मस्कतच्या मीटिंगला निघून गेला.

भिंत पडली नाही.

जेवणानंतर फोरमन काठावर उभा राहिला. "देखा? गिरा क्या? यल्ला, नीचे!" मग माझ्याकडे बघून, "तू बैग भर."

भाई माझ्याजवळ आला. दाढीत वाळू. "पडली असती तं मी मेलो असतो. नाय पडली तं तू खोटा. बरा सापडलास, लीडर." एवढं बोलून त्याने पाना उचलला आणि शिडीकडे चालू लागला.

शिडीपाशी पोचला आणि शेजारच्या वाळूच्या ढिगावर बसला.

"क्या हुआ?" फोरमन ओरडला.

"पहले लकड़ी लाओ."

"डर गया? इतना बड़ा आदमी?"

"हां, डर गया. तुम पहले उतरो, अर्बाब. मैं पीछे आता हूं."

कोणीतरी हसलं. मग दुसरा फिटर येऊन भाईशेजारी बसला, त्याच्यामागून वेल्डर, हळूहळू सगळेच. इथे असं काम थांबवून बसणं म्हणजे थेट परतीचं विमान, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. मीही जाऊन बसलो. माझं जाणं तर नक्कीच होतं.

फोरमनने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, शिडीचे दोन्ही दांडे धरले आणि वरच्या पायरीवर बूट ठेवला. काठाची वाळू सुटली. आधी थोडी, मग भसकन. खाली पाण्यात पडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

त्याने बूट मागे घेतला. आमच्याकडे पाठ करून फोन काढला आणि स्टोअरवाल्यावर ओरडला, "लकड़ी किधर है? आज चाहिए! आज!"