काळी-पिवळीची गळती

बाबा गेल्यावर घरात कमावणारं कोणी उरलं नाही. उरली ती त्यांची काळी-पिवळी जीप. काका एटापल्लीच्या रस्त्यावर ती चालवायला तयार होता, पण उभ्या जीपमध्ये पावसाचं पाणी साचायचं आणि ओल्या गाडीत सवारी बसत नाही.

गळती शोधायला आई आत बसली, मी टपावर बादली ओतली.

"सवारीच्या बाजूले थेंब नाई वो!" आई ओरडली. तिथल्या फटी बाबांनी डांबरानं बुजवल्या होत्या. मग ती पुढं सरकली. धार ड्रायव्हरच्या सीटवर लागली होती.

"त्यायचा खांदा ओला राहे. खिडकी काऊन लावत नाई म्हणून मी भांडत होती," म्हणत ती त्या धारेखालीच बसून राहिली.

अजूनही डांबराचा वास आला की माझा खांदा गार पडतो.

ते भोक आम्ही बुजवलं. त्याच जीपच्या कमाईवर मी घरातली पहिली पदवीधर झाले.