बैलाच्या पोटावरचा लाल रंग

कलेच्या इतिहासात संशोधन करते म्हटलं की लोक लगेच विचारतात, अजिंठ्यावर का? मी तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांवर लिहीत होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वर्धेकडची पोरं हे बैल ओढत घरोघर फिरतात, हातावर खाऊ नाहीतर पैसे पडतात. देवळातल्या मूर्तींवर पुस्तकांचे ढीग आहेत, या बैलांवर मात्र कुणी धड एक पान लिहिलेलं नाही. लिखित साधन नाही, म्हणून बैल हेच साधन. आणि इथेच घोडं पेंड खात होतं. सर म्हणाले, "एका तरी जुन्या बैलाचा मूळ रंग दाखवा, नाहीतर हे प्रकरण प्रबंधातून काढा." त्या प्रकरणासाठी मी नोकरी सांभाळून आष्टीपासून जामपर्यंत जिल्हा पालथा घातला होता. ते काढायचं म्हणजे प्रबंधात उरणार काय, माझं कपाळ?

जुना बैल आमच्याच घरी होता. केळझरच्या अलीकडे आमचं गाव. तिथे मोठीआई, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, आता एकटीच राहते. बैल सागाचा, गुडघ्याएवढा, पणजोबांनी गावच्या सुताराकडून करून घेतलेला. लहानपणी मी आणि मोठीआईचा मुलगा तो ओढायचो. एका वर्षी त्या पठ्ठ्याने कुणाला न विचारता बैल लालभडक रंगवला. "लाल बैल राह्यते का रे कुठं, येड्या?" म्हणून मोठीआई कडाडली, आणि तान्ह्या पोळ्याच्या सकाळीच तिने त्यावर पांढरा रंग फासला. रंग ओला असतानाच आम्ही बैल काढला. भाऊ रुसून मागे मागे चालत होता. पुढचा पोळा यायच्या आधी तो तापाने गेला. मोठीआई त्याच्याबद्दल बोलत नाही, आणि आम्हीही विषय काढत नाही.

मी फोनवर म्हटलं, "मोठीआई, येऊन राह्यली मी. बैलाचे फोटो काढाचे हायत. माळ्यावरून काढून ठेवजो."

गेले तर बैल अंगणात वाळत ठेवलेला! पांढराशुभ्र ऑइलपेंट, सोनेरी शिंगं, डोळ्यांत काळा रंग. वास नाकात गेला आणि माझं डोकंच फिरलं.

"काऊन रंगवला वो?"

"अवं, तू फोटो काढाले येनार अन् बैल मळका? लोक मले काय म्हणतीन?"

रंगवल्याशिवाय बैल चारचौघांत न्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मला ती माहीत होती, तरी मी म्हटलं, "सत्यानाश केला."

"सत्यानाश कायचा? रंग का पळून जाते? खाली हायच ना सारा. घे खरडून. पोटाखाली खरड, तिथं दिसत नाई."

रागातही मला हसू आलं. रंग वाळू दिला, मग बैल आडवा करून, पोटावर काडेपेटीच्या निम्म्या आकाराचा चौकोन आखून ब्लेडने हळूहळू खरडायला बसले. मोठीआई शेजारी पाटावर बसून गंमत बघत होती. पांढऱ्याखाली पिवळट पांढरा निघाला, त्याखाली चंदेरी. "हा तुह्या काकाचा नाद," ती म्हणाली. मग पुन्हा पांढरा, जाडाभरडा, घाईत फासल्यासारखा. तो निघाला आणि खाली लाल दिसला.

दोघींनाही एकदमच कळलं. मोठीआईने हात पुढे करून तो चौकोन झाकला. "मीच झाकला होता वं," ती म्हणाली. "रागानं झाकला." आणि ती रडू लागली, मोठ्याने, शेजारच्या बाया दारात येईपर्यंत. मीही रडले. इतकी वर्षं आम्ही त्याच्यासाठी एकत्र रडलोच नव्हतो.

लालच्या खाली अजून थर होते. अजून थोडं खरडलं असतं तर मूळ रंग हाती आला असता. दुसरीकडे कुठेही खरडलं असतं तरी वाटेत हाच लाल लागला असता, आणि तोही निघाला असता. मोठीआई डोळे पुसत म्हणाली, "तुह्यं काम राह्यलं ना. खरड बापा, मी नाई म्हणत नाई." पण हात काही तिने उचलला नाही. मी ब्लेड डबीत ठेवून दिलं.

सरांना सांगितलं, मूळ रंग पाहिला नाही. प्रकरण गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? अजूनही वाटतं.

यंदा तान्ह्या पोळ्याला मी मुद्दाम गेले. मोठीआईने बैल पुन्हा पांढरा केला होता आणि शेजारच्या पोरांना ओढायला काढून दिला. दोरी बांधायला म्हणून त्या पोरांच्या आईने बैल उलटा केला, तर पोटावर तो लाल चौकोन तसाच.

"काकू, इथं काऊन नाई वो लावला रंग?"

"लावला हाय," मोठीआई म्हणाली. "माह्या पोरानं लावला. वाळून राह्यला अजून."