करंगळीएवढी फट

दाजी सुतार पहिल्यांदा बंगल्यावर आले तेव्हा त्यांनी ना शेटना रामराम घातला, ना माझ्याकडे पाहिलं. ते थेट ओटीवरच्या झोपाळ्यापाशी गेले आणि उजव्या अंगठ्याचं जाड, पिवळं नख फळ्यांच्या जोडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिले. मग मान हलवून म्हणाले, "हिच्यातनं पानी येल." झोपाळ्यातून पाणी! मला हसू आवरेना. शेट म्हणाले, "अरे दाजी, माझा झोपाळा काय दर्यात जाणार आहे?" त्यावर दाजी म्हणाले, "कोन कवा कुठं जाईल, काय सांगावं?" आणि मगच खाली बसले, तेही झोपाळ्यावर नाही, जमिनीवर.

पुढे कळलं, की ही त्यांची खोडच होती. लग्नाच्या पंगतीला गेले तरी आधी पाट उलटा करून त्याचा जोड बघणार, मग बसणार. देवळाचं दार, शेजारणीचा पाळणा, वाण्याची पेटी, काही म्हणून त्या नखातून सुटायचं नाही. रेवसपासून खाली आमच्या गावापर्यंत कितीतरी होड्या त्यांच्या हातच्या होत्या. अंगाने काटकुळे, स्वभावाने तिरसट, आणि स्वतःच्या कामाचा गर्व तर विचारू नका. "माज्या होडीत पानी आलंच, तर त्ये वरनं पावसाचं," असं ते भर बाजारात सांगत, आणि कुणी त्यांना खोडून काढत नसे.

मी तेव्हा शाळेतली नोकरी सोडून शेटच्या बंगल्यात राहत होते. शेट मुंबईचे गुजराती व्यापारी. त्यांची नात हंसा नऊ-दहा वर्षांची असेल. तापात तिचे दोन्ही पाय लुळे पडले होते, म्हणून मोकळ्या हवेत राहायला तिला इकडे आणलं होतं. तिला शिकवायचं आणि सांभाळायचं, हे माझं काम. डॉक्टर म्हणाले होते, रोज पाण्यात उतरून पाय हलवले तर जोर येईल. समोर एवढा समुद्र, पण त्याच्या लाटेपुढे ते पाय कसे टिकणार? स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, लढाईतलं लष्करी सामान मुंबईत विकायला निघत होतं. त्यातून शेटनी एक लोखंडी टाकी उचलली. मचव्यातून ती रेवसला उतरली आणि बैलगाड्यांतून तुकड्यातुकड्यांनी वाडीत आली. बोल्ट आवळून उभी केली तेव्हा पुरुषाच्या छातीला लागेल एवढी उंच आणि चांगली ऐसपैस गोल झाली. रहाटाच्या पाण्याने ती भरली, आणि गाव बघायला लोटला.

पण त्या टाकीत पोर उतरणार कशी? काठ सुरीसारखा, उन्हात तापला की चटका बसायचा. दोन गडी हंसाला खांद्याला आणि पायांना धरून पोत्यासारखी उचलत आणि आत सोडत. ती रडायची नाही, पण ओठ असा काही चावायची, की त्यावर दातांचे व्रण उठायचे. एकदा ती मला म्हणाली, "ताई, मला पाणी आवडतं. उचललेलं आवडत नाही." म्हणून टाकीभोवती दगडी कठडा घालून त्याच्या आत काठाच्या उंचीची लाकडी माची बांधायची ठरली. वर चढायला उतरण, बसायला ऐसपैस फळ्या, आणि पोरीला आपलं आपण सरकत पाण्यात जाता येईल अशी पायरी. गावात लाकडाचं असं काम करील असा माणूस एकच होता.

दाजी तेव्हा पांडू नाखव्याची होडी बांधत होते. तळाच्या फळ्या बसल्या होत्या, वरच्या लाकडाचे पैसे नाखवा पावसाळ्यानंतर देणार होता. ती तशीच माडांखाली झावळ्यांनी झाकून ते आमच्याकडे आले. माघाचे दिवस, लाकूड खडखडीत वाळलेलं. दाजींनी माची बांधली ती अगदी होडी बांधावी तशी. फळीला फळी अशी भिडवली, की मधून केस जाऊ नये. त्यावरही समाधान नाही. कापसाची वात राळेत भिजवून ती प्रत्येक जोडात ठोकून भरली. वरून मुशीचं तेल चोपडायला सुरुवात केली, तेव्हा मात्र बंगल्यात हलकल्लोळ माजला. शेटच्या घरात कांदासुद्धा चालत नसे, तिथे माशाचं तेल! शेट नाकाला धोतराचा सोगा लावून ओरडत बाहेर आले. शेवटी खोबरेल तेलावर तडजोड झाली. दाजी ते लावताना दिवसभर पुटपुटत होते, "खोबरेल नवरीला लावत्यात. लाकडाला ह्ये काय लाड?"

पायरी करताना मात्र ते अगदी गप्प असत. फळीची कड घासून घासून गोल करत, आणि मग वाकून आपला गाल तिच्यावरून फिरवत. मी विचारलं, "हे काय दाजी?" तर म्हणाले, "हात माजा राकट, बाई. त्याला कूस कळायची न्हाय. गालाला कळतं." कूस म्हणजे लाकडाचा बारीक काटा. हंसाच्या पायांना तो टोचलेला कळलाही नसता, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते आपल्या आपण ताडलं होतं.

माची पुरी झाली त्या दिवशी हंसा उतरणीवरून हातांवर सरकत वर गेली, पायरीवर बसली आणि कुणाचाही हात न धरता पाण्यात गेली. वर आली ती खिदळत. तो सगळा उन्हाळा तिने त्या टाकीत काढला. दाजी दोनचार दिवसांआड कामाच्या मधेच यायचे, माचीच्या जोडांवर नख फिरवायचे आणि निघून जायचे. पावसाच्या तोंडाला आम्ही मुंबईला गेलो.

आश्विनात परतलो तेव्हा टाकी कोरडी होती. होडीचं लाकूड भिजलं की फुगतं आणि जोड आपोआप आवळले जातात, ते सुताराला हवंच असतं. पण माचीच्या बाहेरच्या अंगाला दगडी कठडा होता आणि आत टाकी. चार महिने पाऊस पिऊन फळ्या फुगल्या, त्यांना हलायला तसूभर जागा नव्हती. काही मधेच कमानीसारख्या उचलल्या होत्या, आणि बाकीच्यांनी टाकीचा काठ आत रेटला होता. पत्र्यांचा सांधा उकलून सगळं पाणी वाडीत गेलं होतं. ती मोडतोड बघून हंसा तशीच मागे सरकत घरात गेली. दुसऱ्या दिवसापासून न्हाणीघरातल्या छोट्या हौदात तिला पुन्हा गडी उचलून सोडू लागले.

मुंबईहून फिटर आला, त्याने पत्रा ठोकून सरळ केला आणि नवे बोल्ट घातले. माचीकडे बघून तो म्हणाला, "उघड्यावरच्या फळ्यांत फट ठेवतात, हे कुणालाही कळतं. बांधली कुणी ही?" दाजी तिथेच उभे होते. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला त्या फिटरचाच राग आला. शेट तर पेटलेच होते. "आ शूं कर्यूं, दाजी, हे काय केलं? माझ्या पोरीची टाकी फोडली! आता मुंबईचा सुतार आणतो." तेव्हा दारातून हंसा म्हणाली, "दुसऱ्याच्या माचीवर मी बसणार नाही." आणि ही मुलगी एकदा नाही म्हणाली, की शेटचंही काही चालत नसे.

मी दाजींना बाजूला घेतलं. म्हटलं, "झालं ते झालं. आता फळ्या काढा, थोड्या तासा आणि मधे फट ठेवून बसवा. एवढं काय त्यात?" ते माडाच्या बुंध्याशी बसून राहिले. मग म्हणाले, "बाई, मला फट ठेवता येत न्हाय."

"येत नाही की ठेवायची नाही?"

"माजी पयली होडी. माज्या एकट्याच्या हातची. नारळी पुनव तोंडावर आलेली, घाई चाललेली. एका जोडात कापूस कमी पडला. म्हटलं, ऱ्हाऊ दे, लाकूड फुगंल आन् बसंल जागच्या जागी." त्यांनी खांद्यावरचा पंचा हातात घेतला. "माजा धाकटा भाऊ घेऊन गेला ती. विठू."

"मग? फुगलं नाही लाकूड?"

"फुगंपर्यंत दर्या थांबला न्हाय. होडी गावली खांदेरी बेटाच्या अंगाला. विठू न्हाय गावला."

झोपाळ्यावरचं ते नख मला आठवलं, आणि मी हसले होते तेही. दाजी उठले, पंचा झटकला आणि म्हणाले, "उद्या येतंय. पोरीला सांगा, तिचं काम हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळी माची उकलली. फळ्या वाळत टाकल्या, सुकल्यावर तासल्या. बसवायची वेळ आली तेव्हा हंसाला उचलून नव्हे, तिची ती सरकत येईपर्यंत थांबून, त्यांनी जवळ बसवून घेतलं. "तुजी करंगळी हितं धर," ते म्हणाले. पहिली फळी ठोकलेली, दुसरी तिच्या करंगळीला हलकेच टेकवायची, खूण करायची, बोट काढायला सांगायचं आणि मग खिळा मारायचा. फळीमागून फळी असंच. हंसाला भारी गंमत वाटत होती. तिच्या एकटीच्या बोटाच्या मापाने एवढं मोठं काम चाललं होतं! दाजींच्या कपाळावरून मात्र घाम गळत होता, आणि थंडीचे दिवस लागले होते. प्रत्येक खिळ्याआधी त्यांचा हात क्षणभर अडायचा. मला वाटलं, म्हातारपण.

ती माची पुढे कितीतरी पावसाळे जशीच्या तशी राहिली. हंसा पुन्हा पाण्यात गेली.

महिना झाला असेल, पांडू नाखवा तणतणत बंगल्यावर आला. "बाई, काय केलात माज्या सुताराचं?" मला काही कळेना. तेव्हा तो म्हणाला, की दाजींनी त्याच्या होडीला हात लावायला साफ नकार दिलाय. "म्हनतो, दुसरा सुतार बघ. सगळी हत्यारं न्हेऊन मांडवात टांगली. माजी होडी अर्धी पडलीय, मी काय आता माची घेऊन मासे मारू?"

मी तडक दाजींच्या घरी गेले. ते अंगणात कुणाचा तरी पाळणा नीट करत होते. मी चिडलेच होते. "हा काय वेडेपणा, दाजी? एवढी वर्षं होड्या बांधल्यात, आणि आता घर कशावर चालवणार?"

त्यांनी पटाशी खाली ठेवली. "हाताला डोळे नसत्यात, बाई. त्याला शिकवाल तसा त्यो चालतो. विठू गेला तवापासनं मी त्याला येकच शिकवलं व्हतं. आता त्याला दुसरं बी शिकवलं. उद्या येखाद्या जोडापाशी त्यो इसरला, तर?"

"हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"माडाखाली बसलो व्हतो, तवाच."

"मग बोलला का नाहीत? आम्ही दुसरा सुतार आणला असता."

"म्हनूनच न्हाय बोललो." त्यांचा तिरसटपणा क्षणभर परत आला. "त्यानं पायरीला गाल लावून बघितला असता काय?"

मी भांडले, समजावलं, नाखव्यानेही हातापाया पडून पाहिलं. उपयोग झाला नाही. त्याची होडी शेवटी दुसऱ्या सुताराने पुरी केली. दाजी दारं, पाळणे, शिड्या करत राहिले. ते काम त्यांच्या तोलाचं नव्हतं आणि घरात ओढग्रस्त दिसू लागली, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. नारळी पौर्णिमेला कोळी त्यांना मानाने किनाऱ्यावर न्यायचे. ते जात, पण दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत. नख फिरवायचे ते आता लग्नातल्या पाटांवरच. आणि आम्हाला भेटले, की एकच प्रश्न, "पोर पवते ना?" मी म्हणायची, "पवते, दाजी." मग ते खाली मान घालून पुढे जात.

हंसा मोठी झाली, शिकायला मुंबईला गेली. काठीच्या आधाराने चालायची, पण पाण्यात तिला काठी लागत नसे. दाजींचं होड्या बांधणं का सुटलं, ती हकिकत मी तिला ती जाणती झाल्यावर सांगितली.

दाजी गेले ते वैशाखाच्या अखेरीला, थोड्याशा तापाने. मी कळवलं, तशी हंसा भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरून रेवसला आली. तोवर सगळं आटोपलं होतं. दाजींच्या घरच्यांना भेटून आल्यावर ती म्हणाली, "ताई, नाखव्याची होडी बघायची आहे." पावसासाठी होड्या वर ओढायला सुरुवात झाली होती. पांडू नाखवा आता म्हातारा झाला होता. त्याने आपली होडी दाखवली आणि बाजूला हात ठेवून म्हणाला, "हितवर दाजीचं. हितनं वर दुसऱ्याचं."

हंसा काठी टाकून वाळूत बसली. तळाच्या फळ्यांवरून ती हात फिरवत गेली, आणि मग एकेका जोडावर करंगळी टेकवून दाबून बघू लागली. किती तरी वेळ ती तशीच पुढे पुढे सरकत होती. लहानपणी सरकायची तशीच, आपली आपण. नाखवा तोंड फिरवून उभा राहिला. मला तर रडूच फुटलं.

होडीच्या दुसऱ्या टोकाला पोचल्यावर तिने माझ्याकडे वर पाहिलं. "कुठेच आत जात नाही गं, ताई," ती म्हणाली, आणि करंगळी मुठीत धरून तिथेच बसून राहिली.