माळ्यावरचा मसन्या

शिरपूरजवळच्या आमच्या घराच्या माळ्यावर बासमती शिजल्यासारखा वास येऊ लागला, तेव्हा मी हरखले होते. उदमांजराचा वास तसाच असतो. हे मला याच माळ्यावर कळलं होतं. माझे थोरले काका, नाना, तरुणपणी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं छापायचे. उरलेले गठ्ठे पत्र्याखाली रचलेले असत आणि त्यांच्यावरच मी वाचायला शिकले. एका पत्रकात नानांनी लिहिलं होतं की लोक ज्याला मसन्या म्हणतात तो मढी उकरत नाही, ते साधं उदमांजर असतं, फळं आणि उंदीर खातं. त्या गठ्ठ्यांमध्ये आता मादी व्याली होती. पिल्लू एकच होतं.

त्याच आठवड्यात शेजारच्या अक्कांच्या सुनेचं तान्हं गेलं. तान्ह्यांना आमच्याकडे पुरतात. मातीवर काटेरी फांद्या टाकून माणसं परतली आणि अक्कांना आमच्या पत्र्यावरून जाणारी लांब शेपटी दिसली.

"नाना, मसन्या शे तुमना माळावर! मन्हा नातूले उकरी खाई तो!"

मी नानांना बाजूला ओढलं. "एकदा सांगा ना त्यांना. तुम्हीच छापलंय."

"माले बी माहीत शे, तो मढं खात नई. पन रडता घरनी बाईशी वाद घालू?"

"मग कोणाशी घालणार? पत्रकं काय सुखी माणसांसाठी होती?"

"भाषण नको देऊ. शिडी आन."

मी आणली नाही. आणायला गल्लीत माणसं कमी नव्हती. अक्कांचं मी समजू शकते, त्यांचं दुःख ताजं होतं. नानांना सगळं ठाऊक होतं, आणि तरी घमेल्यातल्या निखाऱ्यांवर सुक्या मिरच्या त्यांनीच टाकल्या.

धूर माळ्यात भरला. मादी तोंडात पिल्लू धरून वाशावरून आली आणि अंगणात पडली. पिल्लू सोडलं असतं तर ती चावली असती, निसटली असती. तिने सोडलं नाही. काठ्या पडू लागल्या.

"देख, कसा नाचस मसन्या!"

"मढं पचनं नई वाटतं!"

लोक हसत होते. मी आडवी गेले, तर एक काठी माझ्या मनगटावर बसली. मादी मेल्यावरही मारणं थांबलं नाही. हात दुखले तेव्हा थांबलं.

गलका ऐकून अक्कांची सून दारात आली. मादीच्या अंगाखाली वाचलेलं पिल्लू तिच्या पोटाशी तोंड घालून चाचपडत होतं. सून पाहत राहिली. पाहता पाहता तिचं पोलकं पुढून भिजलं.

"हिले बी दूध शे," ती म्हणाली. "ते पिल्लू माले द्या."

"मसन्यानं पोर घरमा आनशी?" अक्का ओरडल्या.

सून नानांकडे वळली. "नाना, तुम्ही शिकेल शेतस. तुम्हीच सांगा. हाई मढं खास का?"

नाही खात, एवढंच तर बोलायचं होतं. नानांनी सुनेकडे पाहिलं नाही. त्यांनी अक्कांकडे पाहिलं, काठ्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलं, आणि भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं.

पिल्लाला एक घाव पुरला.

"व्हई गयं, अक्का," ते म्हणाले. "आते तुना नातूले भेव नई."