गणिताचा फळा

आमच्या कॉलेजात तास संपला की आपला फळा आपणच पुसायचा, असा रिवाज आहे. काल मी इतिहासाच्या तासासाठी दाराशी उभा होतो आणि आत गणिताच्या मॅडम फळा पुसत होत्या. नुसत्या हाताने काढलेलं सुरेख वर्तुळ त्यांनी बघता बघता पुसून टाकलं. मला हेवा वाटला.

"यंदा तुमच्या अभ्यासक्रमातून काय गळालं हो, सर?" बाहेर येता येता त्यांनी विचारलं.

"गिरणी कामगारांच्या संपाचं प्रकरण."

"येईल हो परत. सरकार बदललं की येईल." पदरावरचा खडू झटकत त्या हसल्या.

येईलही. मागेही ते एकदा गेलं होतं आणि परत आलं होतं. पण येताना त्याचा शेवट निराळा झाला होता, आणि नव्या मुलांना वाटलं, हे असंच घडलं असणार. वर्तुळाचं बरं आहे. सत्तेवर कुणीही येवो, त्याला अभ्यास मंडळापुढे उभं राहावं लागत नाही.

तासाला मी हट्टाने संपाबद्दलच फळाभर लिहिलं.

"सर, हे परीक्षेला आहे?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"नाही."

तिने पेन खाली ठेवलं.

घंटा झाल्यावर मी डस्टर उचललं आणि तसंच परत ठेवलं. उद्या पुन्हा लिहिता येईल अशी खात्री असली, तरच माणूस इतक्या सहज पुसू शकतो.